तीन ठोक्यांची हाळी

१

पावण्याच्या एमआयडीसीत, खाडीकडे उतरणाऱ्या शेवटच्या गल्लीत आशुतोषची शेड होती. तिथे गटारं उपसायच्या गाड्या तयार होत. ट्रकचा सांगाडा बाहेरून यायचा, त्यावर पोलादी टाकी चढायची, टाकीला व्हॅक्यूम पंप जोडला जायचा आणि मागे मांडीएवढा जाड होस पाइप. पंप टाकीतली हवा ओढून घेई आणि गटारातला गाळ आपसूक पाइपातून वर चढे. माणसाला गटारात उतरावं लागू नये, एवढाच त्या यंत्राचा उद्देश. मायदेव सरांना तो उद्देश मनापासून पटला होता. म्हणून वयाच्या बहात्तराव्या वर्षीही ते आठवड्यातून चार दिवस नेरूळहून पावण्याला येत.

डॉ. श्यामसुंदर मायदेव. इंजिनिअरिंग कॉलेजात तीस वर्षं शिकवलेलं, पातळ पत्र्यांच्या कंपनांवर डॉक्टरेट. आशुतोष त्यांचा विद्यार्थी. टाकीचा पत्रा किती जाड हवा, कडं कुठे बसवायचं, पंप किती ओढेल, हे सर ठरवत आणि गाडी बाहेर पडण्याआधी तपासणीच्या कागदावर सही करत. सही करताना त्यांचा हात हटकून थांबे. गणित सुटलं की दुसऱ्याला बरं वाटतं. सरांना वाटे, चूक कुठे लपून बसली असेल? घराला कुलूप लावून जिना उतरले की ते पुन्हा वर जाऊन ते ओढून पाहत. "बाबा, कुलूपच कंटाळेल एक दिवस," असं त्यांची सून स्मिता म्हणायची.

शेडमध्ये एक रीत होती. टाकीच्या मधोमध एक आडवा पत्रा असे, गाडी वळताना गाळ हिंदकळू नये म्हणून. त्याच्या खालच्या फटीतून सरपटत गेलं की पलीकडे पुढचा कप्पा. तिथे कुणी काम करत असेल तर मागच्या दारातून दिसत नसे. म्हणून दार लावण्याआधी एकाने लाकडी मोगरीने दाराच्या काठावर तीन ठोके द्यायचे आणि दहा आकडे मोजायचे. आत माणूस असला तर त्याने हातातल्या पान्याने दोन ठोके परत द्यायचे. काही आलं नाही, तरच दार लावायचं. याला ते हाळी म्हणत.

ही रीत हौसेरावाने आणली होती. हौसेराव पाटण तालुक्यातला, पन्नाशीचा फिटर. बोलणं कमी, हात मात्र असे की पॅकिंगची रबरी पट्टी एकदा बसवली की पुन्हा बघायला नको.

"हे तुम्ही कुठे शिकलात?" सरांनी सुरुवातीलाच विचारलं होतं.

"शिकलो न्हाई सर. तळोज्याला आसताना एकदा हाळी न दिल्याली पाह्यली."

एवढं म्हणून तो पुन्हा पॅकिंगच्या पट्टीवर वाकला.

"पण त्यापेक्षा माणसं मोजावीत ना. सोपं आहे," सर म्हणाले.

वेल्डर कृष्णात हसला. "सर, माणसं मोजनारा सवताला मोजायचं इसरतो. टाकी इसरत न्हाई."

२

शहाण्णव सालच्या मार्चात एक जुनी गाडी देखभालीसाठी परत आली. दोन वर्षांपूर्वी याच शेडमधून ती घाटावरच्या कुठल्याशा नगरपालिकेला गेली होती. पंपाची पाती झिजली होती, दाराचं पॅकिंग लाकडासारखं कडक झालं होतं, गेजचा काटा शून्यावर येत नव्हता. बाकी गाडी ठणठणीत. टाकी वाफेने धुतली, दार सताड उघडं ठेवून दोन दिवस वारं खेळवलं. मग कृष्णातने आत तांबडा रंग मारला. हौसेरावाने पंप उघडून एकेक पातं घासून बसवलं.

"या गाडीनं चिकार खाल्लंय," कृष्णात बाहेर येऊन हात पुसत म्हणाला. "वाफ मारली, सोडा मारला, तरी आत गेलं की वाटतं कुनाच्या तरी तोंडात बसलोय."

"तुजं त्वांड धुतलंस का आदी?" हौसेराव म्हणाला.

चौथ्या दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमाराला दार लावायची वेळ आली. शेडमध्ये सगळे मिळून चौघं. आशुतोष ऑफिसच्या दारात फोनवर बोलत होता. कृष्णात बोल्टांना ग्रीस लावत होता. सर स्टुलावर वही घेऊन बसले होते. हौसेरावाने मोगरी उचलली आणि हाळी दिली.

ठाक. ठाक. ठाक.

तो ओठांतल्या ओठांत मोजू लागला. सरांनी वहीतून मान वर केली नाही. अशा हाळ्या त्यांनी शेकडो ऐकल्या होत्या.

ठक ठक.

आवाज लांबून आला, पुढच्या कप्प्यातून. फार जोरात नाही. काम थांबवून, हात जरा मागे घेऊन कुणी सहज उत्तर द्यावं, तसा.

हौसेराव मोगरी धरून तसाच उभा राहिला. कृष्णातच्या बोटांवरचं ग्रीस खाली पडलं. सरांनी आधी हौसेरावाकडे पाहिलं, मग कृष्णातकडे, मग ऑफिसच्या दारात, जिथे आशुतोष अजून फोनवर हसत होता. आणि मग, स्वतःलाच मोजायचं राहिलं की काय अशी शंका येऊन, त्यांनी आपल्या गुडघ्यावर हात ठेवून पाहिला.

कृष्णात बॅटरी घेऊन आत गेला. तो सरपटत पलीकडे गेल्याचं ऐकू आलं. थोड्या वेळाने तो उलटा सरकत बाहेर आला.

"कोन न्हाय. रंग बी वाळलाय. बोट लागल्याली खून न्हाय कुठं."

"पुन्हा द्या हाळी," सर म्हणाले.

ठाक. ठाक. ठाक.

हौसेरावाचं चारपर्यंत मोजून झालं होतं, तेव्हा आतून दोन आले.

त्या दिवशी दार लागलं नाही.

३

दुसऱ्या दिवशी सर नेहमीपेक्षा तासभर आधी आले. रात्री त्यांना झोप लागली नव्हती, पण भीतीने नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. पत्रा आवाज करतो. तापला की करतो, निवला की करतो. पत्र्याच्या आवाजांवर आयुष्य घालवलेला माणूस पत्र्याच्या आवाजाला भ्याला, तर लोक काय म्हणतील?

त्यांनी हातभर लांबीची लोखंडी सळई घेतली. एक टोक टाकीला टेकवायचं, दुसरं कानाच्या हाडाला. बेअरिंगचा आवाज ऐकायची फिटर लोकांची ही युक्ती. हौसेराव ठोके देई, सर सळई सरकवत ऐकत. उत्तर नेहमी एकाच ठिकाणाहून येई, टाकीच्या पुढच्या टोकाला जो फुगीर गोल पत्रा असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागातून. सरांनी बाहेरून तिथे बोटं फिरवली. एका जागी किंचित खळगा लागला.

तेलाच्या डब्याचं बूड दाबलं की टपकन आत जातं आणि सोडलं की टपकन बाहेर येतं. तसंच हे. मागे ठोके दिले की कंप पुढे जातो, खळगा आत जातो, बाहेर येतो. दोन आवाज. सरांना हायसं वाटलं.

मग त्यांनी एकच ठोका द्यायला सांगितला. काही आलं नाही. दोन द्यायला सांगितले. काही नाही. चार दिले, पाच दिले, मोठा घण आणून एक दणका दिला. टाकी घुमली आणि गप्प झाली. तीन दिले, तर दोन आले.

"सर," कृष्णात हळूच म्हणाला, "पत्र्याला आपला नेम कसा ठावं?"

सरांनी सळई पुन्हा खळग्यावर टेकवली.

दुपारी त्यांनी पंप लावून पाहायचं ठरवलं. कृष्णातने आत जाऊन टाकी बघून घेतली, तो बाहेर आला, हजर असलेल्या चौघांची नावं सरांनी दोनदा मोठ्याने घेतली आणि मगच दार लावलं. पंप सुरू झाला. गेजचा काटा शंभरावर आला, तेव्हा हाळी दिली. दोन ठोके आले, पण उशिरा. दोनशेला आणखी उशिरा, आणि सळईला कान लावलेल्या सरांना ते खालून, तळाजवळून आल्यासारखे वाटले. तीनशेला एकच आला. तोही ठोका नव्हता, काहीतरी घासल्यासारखं. चारशेला काहीच नाही. पंप बंद करून हवा आत सोडली. सूं सूं करत काटा खाली आला. पुष्कळ वेळाने, हाळी न देताच, आतून दोन ठोके आले.

सरांचा चेहरा उजळला होता. हवा ओढली की पत्रा ताणला जातो, ताणलेला पत्रा उसळत नाही, हवा आली की उसळी परत येते. विचार जागच्या जागी बसत होता. ते वहीत भराभर लिहू लागले. लिहिता लिहिता त्यांचं लक्ष हौसेरावाकडे गेलं. त्याने डोक्याची टोपी काढून हातात घेतली होती.

"काय झालं?"

"हवा वडल्यावर मानूस आसंच करंल, सर," तो म्हणाला. "आदी ठोकंल. मग बसंल. मग नखानं..."

"हौसेराव, आत माणूस नाही. कृष्णात बघून आलाय."

"व्हय. न्हाईच हाय."

४

गाडी पुढच्या मंगळवारी द्यायची होती. तिकडच्या शहरात गाळ काढायला माणसं पुन्हा हाताने उतरत होती, म्हणून तिथले अधिकारी रोज फोन करत होते. आशुतोषचा त्या फोनांनी जीव मेटाकुटीला आला होता. आणि हौसेराव दाराला हात लावेना.

"उत्तर आलं की दार लावायचं न्हाई. माजा नेम हाय," तो म्हणे. त्यावर बोलणं संपे.

"सर, तुमचं ऐकेल तो," आशुतोष म्हणाला. "माझं म्हणणं मालकाचं म्हणणं होतं हो. तुम्ही शिकलेले. तुम्ही लिहून दिलंत तर मानेल. नाहीतर सांगा, टाकी खराब आहे. मी कापून टाकतो, नवीन बसवतो. टेन्शन नाही. पण एक काहीतरी सांगा."

एक काहीतरी सांगणं हेच सरांना आयुष्यभर जड गेलं होतं. ते घरी आले, जेवले नाहीत. स्मिताने ताट झाकून ठेवलं.

"बाबा, एवढा कसला विचार?"

"एका गोष्टीची नऊ कारणं पटताहेत, दहावं पटत नाही."

"मग नऊ पुरे की. मला तर घर चालवताना दोनच मिळतात."

सर हसले. सकाळी त्यांनी टिपण लिहिलं. पुढच्या पत्र्यात खळगा आहे, त्यामुळे ठोक्यांनंतर त्यातून आवाज येतो, टाकीच्या मजबुतीला धोका नाही. सबब फक्त या टाकीपुरता आतून आलेला आवाज विचारात घेऊ नये. खाली सही. एक, दोन, चार आणि पाच ठोक्यांना टाकी गप्प का राहते, हे त्यांनी लिहिलं नाही. लिहायला घेतलं होतं. पण त्या वाक्याला शेवट सुचेना, म्हणून खोडलं आणि टिपण नव्या कागदावर उतरवून काढलं.

हौसेरावाने कागद हातात घेतला, वाचला, घडी घातली.

"म्हंजी आतनं आवाज आला तरी दार लावायचं."

"या एका टाकीपुरतं."

"तुमी सांगताय म्हनून."

"मी सांगतो म्हणून नाही. कारण आहे त्याला."

"कारन मला कळत न्हाई, सर. तुमी कळता." त्याने कागद खिशात ठेवला आणि मोगरी कृष्णातकडे दिली. "पर हाळी म्या देनार न्हाई. हिला तूच दे."

पुढचे चार दिवस कृष्णात हाळी देत राहिला. आतून दोन यायचे आणि दार लागायचं. तिसऱ्या दिवशी कृष्णातने थट्टा सुरू केली. "काय म्हातारे, जेवलीस का?" ठक ठक. "बघा, जेवली." आशुतोषही हसू लागला. माणसाला कशाचीही सवय होते. सरांनाही झाली. टाकी बोलली की ते आपल्या टिपणातली ओळ मनात म्हणत आणि वहीत मान घालत.

५

मंगळवारी अकरा वाजता तपासणीचे साहेब येणार होते. जीपला गल्ली सापडावी म्हणून हौसेरावाने नाक्यावर जाऊन उभं राहायचं ठरलं होतं. अकराच्या आधीच जीप दारात हजर. साहेब उतरले, घाम पुसला, म्हणाले, "नाक्यावर कुणी भेटलं नाही बुवा. विचारत विचारत आलो."

"चुकामूक झाली असेल, येईल तो," आशुतोष म्हणाला. "चला, आधी गाडी बघून घेऊ."

साहेबांनी पंप पाहिला, होस पाइप पाहिला, दारातून टाकीत डोकावले. आत नवा तांबडा रंग आणि मधला आडवा पत्रा. रंगाचा आणि रबर चिकटवायच्या सोल्यूशनचा उग्र वास येत होता. "छान," म्हणून त्यांनी नाकाला रुमाल लावला. "हवा किती धरते दाखवा."

"साहेब, आमची गाडी बोलते बरं का," कृष्णात मोगरी उचलत म्हणाला. "घाबरू नका. सरांनी लिहून दिलंय."

ठाक. ठाक. ठाक.

सगळे हसऱ्या चेहऱ्याने थांबले. कृष्णातने दहापर्यंत मोजलं. मग पंधरापर्यंत.

टाकी गप्प होती.

"गेलं की दुखणं!" आशुतोषने टाळी वाजवली. "सर, बरी झाली तुमची पेशंट!"

कृष्णातने दार ढकललं. एकेक बोल्ट आवळला. पंप सुरू झाला आणि शेड त्याच्या आवाजाने भरून गेली.

सर गेजसमोर उभे होते. काटा पन्नासावर आला. त्यांना बरं वाटायला हवं होतं. पण गेले आठ दिवस जो पत्रा प्रत्येक वेळी उसळला, तो आज का नाही उसळला? ऊन तेच. खळगा तोच. ठोके तेच तीन. त्यांचं टिपण बरोबर असेल तर आवाज यायलाच हवा. नाही आला, म्हणजे एकतर टिपण चूक...

काटा शंभरावर आला.

...किंवा पत्र्याला आतून काहीतरी टेकलंय. पत्र्याला जड काही टेकलं की तो मुका होतो. पोतं. गाठोडं. पाठ.

हौसेराव नाक्यावर भेटला नाही. सोल्यूशनचा वास ताजा होता. पॅकिंगचं काम परवाच संपलं होतं.

ओरडायला हवं होतं. सरांचं तोंड उघडलं, आणि नेमकी तेव्हाच ती जुनी शंका आली. चूक असेल तर? परक्या माणसासमोर, आशुतोषच्या गाडीची तपासणी चालू असताना, एका म्हाताऱ्याने पंप बंद करायला लावला आणि आत काही निघालं नाही तर? हौसेराव एवढ्यात गेटातून आत आला तर? त्यांनी गेटाकडे पाहिलं. पुन्हा काट्याकडे पाहिलं. दीडशे. आणखी एकदा विचार तपासून घेतला, पहिल्या पायरीपासून. पंप चालू होता. पुढे कितीतरी दिवस सर मोजायचा प्रयत्न करत होते की त्या तपासण्यात किती वेळ गेला. दर वेळी तो थोडा थोडा वाढत गेला.

"बंद करा!" ते ओरडले. "हौसेराव आत आहे!"

हवा आत सोडली तेव्हा काटा दोनशेच्या पुढे होता. बोल्ट काढायला कृष्णातचे हात चालेनात. साहेबांनीच दुसरा पाना उचलला. दार उघडलं. कृष्णात बॅटरी घेऊन पोटावर आत घुसला आणि त्याच्या मागे, कुणी अडवायच्या आत, सर दारात वाकले.

आडव्या पत्र्याखालच्या फटीतून पलीकडे उजेड गेला. हौसेराव पुढच्या पत्र्याला पाठ टेकून बसला होता. मान छातीवर पडलेली, पाय पसरलेले. शुद्ध नव्हती. पण त्याचा उजवा हात, पाना धरलेला, खांद्याच्या वर उभा होता. शुद्ध हरपलेल्या माणसाचा हात असा राहत नाही. मनगटाला कुणी धरून ठेवलं असेल तरच राहील. सरांनी हे स्वच्छ पाहिलं. पाहिलं असं त्यांना वाटतं. उजेड त्या हातावर आला, तसा तो सुटून खाली पडला आणि पाना खणखणला.

कृष्णातने त्याला काखेत धरून ओढत बाहेर आणलं. त्याच्या कानातून रक्ताची बारीक धार आली होती. तो श्वास घेत होता.

६

दोन दिवसांनी सर वाशीच्या हॉस्पिटलात गेले. हौसेराव उशीला टेकून बसला होता. एक कान कापसाने बंद. त्याची बायको प्रेमला स्टुलावर बसून मोसंबी सोलत होती. डॉक्टरांनी सरांना बाहेरच सांगितलं होतं, सोल्यूशनच्या वाफेने भोवळ आली, अशा वेळी माणसाला काहीबाही दिसतं, भासतं. मनावर घेऊ नका.

"पट्टीचं टोक सुटल्यावानी वाटलं," हौसेराव म्हणाला. "आतला गाळ बघायच्या पुढच्या काचंचं. म्हनलं, दोन मिनटात चिकटवतो, मग नाक्यावर जातो. वासानं डोकं फिरलं. बसलो खाली."

"हाळी ऐकू आली?"

"आली की. कृष्णाताचा हात वळखला म्या."

"मग?"

"ठोकलं, सर. दोनदा. मग लई येळा. पैल्या ठोक्यापासनं पत्रा मुका. भजनात झांज मुठीत धरल्यावर कशी व्हती, तशी." तो थांबला. "म्हनलं, काय आडवं आलंय का. अंधारात चाचपाय लागलो. पत्रा लागंना. हातच लागत व्हते."

"कुणाचे?"

"पत्र्यावर ठेवल्याले. तळवे चिकटवून. गार." त्याने सरांकडे पाहिलं. "मग त्यातल्याच कुनी माजं मनगट धरलं."

प्रेमलाने त्याच्या तोंडात मोसंबीची फोड घातली. "बास आता. सर आल्यात ते बघायला, घाबराय न्हाई."

सर बाहेर बाकावर येऊन बसले. आशुतोषने गाडी शेडच्या कोपऱ्यात उभी करून ठेवली होती. दार उघडंच होतं, कारण लावायचं तर हाळी द्यायला हवी आणि मोगरी कुणी उचलत नव्हतं. कृष्णात गावाला निघून गेला होता. आत त्याने काय पाहिलं ते त्याने सांगितलं नाही. सरांनी पुढचा पत्रा दोनदा जाऊन तपासला होता. नव्या रंगावर ओरखडाही नव्हता.

वाफेचा भास. पाठ टेकलेली होती, म्हणून पत्रा मुका झाला. दोन्ही गोष्टी पटण्यासारख्या होत्या. पण माणूस पाठ टेकून बसला, तर पत्रा थोडा दबतो. पान्याचा ठोका पूर्ण गिळत नाही. एवढं कॉलेजातलं पोरही सांगेल. सहा मिलिमीटर जाडीचा, पाच फूट व्यासाचा पत्रा. तो पूर्ण मुका करायचा, तर जिथे जिथे तो थरथरतो, तिथे तिथे तो धरायला हवा. सरांच्या खिशात औषधाच्या चिठ्ठीचा कागद होता. त्यांनी तो मांडीवर पसरला आणि पेन काढलं. एका तळव्याचं क्षेत्रफळ धरलं. दाब धरला. थरथरीच्या जागा काढल्या.

चौतीस.

त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून केलं. चौतीस. तिसऱ्यांदा, दुसऱ्या रीतीने. चौतीस तळवे. सतरा माणसं.

पुढच्या पत्र्यावर तेवढे तळवे शेजारी शेजारी मावत होते. पुढच्या कप्प्यात, गुडघे पोटाशी घेऊन दाटीवाटीने बसवली, तर माणसं मावत होती चार.

"सर."

प्रेमला दारात उभी होती. सरांनी घाईने कागदावर हात ठेवला.

"हे म्हनत्यात सोमवारी कामाव जातो. मालकांनी निरोप धाडलाय, ती गाडी पुरी करायची हाय. मी नको म्हनते तर ऐकत न्हाईत. म्हनत्यात, सर सांगतील तसं." तिने पदराने हात पुसले. "तुमी लिवून दिलं तर मानतील."

सरांनी पेन उघडंच धरलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काहीही पुन्हा तपासून बघावंसं वाटलं नाही.

"लिहून नाही. मी स्वतः सांगतो त्याला. त्या टाकीत पुन्हा जायचं नाही. त्यानेच नाही, कुणीच नाही."

"का वो सर? आता काय हाय त्यात?"

कागदावरचा हात सरांनी काढला नाही. तो गार पडला होता.

"आत फार दाटी आहे, प्रेमलाबाई," ते म्हणाले.